रेक्टिफायरसाठी डायोड, शॉटकी, एससीआर की मॉस्फेट? पहिल्यांदा निवडणाऱ्यांसाठी

रेक्टिफायर म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग, आणि ब्रिज म्हणजे त्यासाठी एकत्र जोडलेले चार डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग). दुकानात जाऊन "रेक्टिफायर ब्रिज द्या" म्हटलं की समोरून प्रश्न येतो, "किती अँपियरचा?" आपण आकडा सांगतो, ३५ अँपियरचा ब्रिज खिशात घालतो आणि निघतो. पंधरा अँपियरच्या चार्जरमध्ये तो ब्रिज काही दिवसांत उडाला की दोष ड्युप्लिकेट मालावर जातो. ड्युप्लिकेट माल बाजारात आहेच, पण बऱ्याचदा ब्रिज अस्सल असतो आणि घोळ निवडीच्या क्रमात असतो. अँपियरचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी उलटं व्होल्टेज किती, स्विचिंग किती वेगानं, आणि करंटवर ताबा हवा की नको, हे ठरवायचं. मग उष्णतेचा हिशोब करायचा. अँपियरचं उत्तर त्या हिशोबातून आपोआप निघतं.

सगळं हवेत बोलण्यापेक्षा एकच काम समोर ठेवू. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपियर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी १५ अँपियरनं चार्ज करायची आहे. लोखंडी कोअरचा साधा ५० हर्ट्झ ट्रान्सफॉर्मर आहे. पुढचे आकडे याच चार्जरचे असतील, जिथे वेगळं काही असेल तिथे तसं सांगेन.

पहिली पायरी: उलटं व्होल्टेज

डायोड बंद असताना त्याच्या दोन टोकांवर जे जास्तीत जास्त उलटं व्होल्टेज येतं त्याला पीआयव्ही (पीक इन्व्हर्स व्होल्टेज) म्हणतात. नवशिक्या इथे आरएमएस आणि पीक यांची गल्लत करतो. घरातले २३० व्होल्ट हे आरएमएस (प्रभावी मूल्य) असतात, त्याचा पीक, म्हणजे लाटेचा माथा, ३२५ व्होल्ट. म्हणून मेन्सवर थेट बसणारा डायोड ४०० व्होल्टचा घेणं म्हणजे संकटाला आमंत्रण. शेजारची मोटर बंद झाली, लाइनवर एखादा स्पाइक आला, की तो गेला. मेन्सवर निदान ६०० व्होल्ट, शक्यतो १००० व्होल्ट घ्या. १एन४००१ हा ५० व्होल्टचा आणि १एन४००७ हा १००० व्होल्टचा, दोघांच्या किमतीत नाव घ्यावं असा फरक नाही. त्यामुळे डब्यात फक्त ४००७ ठेवला तरी चालतं.

आता आपला चार्जर. सेंटर टॅप, म्हणजे वाइंडिंगच्या मधोमध तिसरं टोक काढलेला, १५-०-१५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर धरू. १५ चा पीक २१.२. सेंटर टॅप जोडणीत बंद डायोडवर दोन्ही अर्ध्या वाइंडिंगची बेरीज येऊ शकते, म्हणजे ४२.४ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेलं व्होल्टेज पूर्ण लोडवरचं असतं, लोड काढला की ते सहज दहा टक्के चढतं. शिवाय रात्री उशिरा मेन्स २५३ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे आणखी दहा टक्के. दोन्ही मिळून ५१ व्होल्टच्या पुढे. ६० व्होल्टचा शॉटकी (कमी व्होल्टेज खाणारा डायोड, पुढे येतोच) इथे कागदावर बसतो, प्रत्यक्षात त्याला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. १०० व्होल्टचा घ्या.

तोच ट्रान्सफॉर्मर एकेरी १५ व्होल्टचा असता आणि चार डायोडचा ब्रिज लावला असता, तर प्रत्येक डायोडवर एकाच वाइंडिंगचा पीक आला असता, सगळी वाढ धरून २६ व्होल्ट. तिथे ४५ व्होल्टचा शॉटकीही पुरतो. पण ब्रिजमध्ये करंट एका वेळी दोन डायोडमधून जातो, म्हणजे दोन ड्रॉप (डायोडमधून जाताना वाया जाणारं व्होल्टेज). सेंटर टॅपमध्ये एकच ड्रॉप, पण उलटं व्होल्टेज दुप्पट, आणि तांबंही जास्त लागतं कारण अर्धं वाइंडिंग अर्धा वेळ रिकामं बसतं. ट्रान्सफॉर्मर बांधून घ्यायचा असेल तर त्या आधीच हा निर्णय करा. नंतर बदलता येत नाही.

दुसरी पायरी: वेग

आपल्या चार्जरला हा प्रश्नच नाही. ५० हर्ट्झवर अर्धी सायकल १० मिलिसेकंदांची, त्यात कुठलाही डायोड आरामात बंद होतो. पण एसएमपीएस (मोबाइल चार्जरसारखा, वेगानं स्विच होणारा पॉवर सप्लाय) दुरुस्तीला घेतलात तर हाच प्रश्न पहिला.

सिलिकॉनच्या साध्या पीएन डायोडमध्ये सरळ करंट वाहत असताना आत वाहकांचा साठा झालेला असतो. व्होल्टेज उलटं झालं तरी तो साठा रिकामा होईपर्यंत डायोड उलट्या दिशेनंही वाहतो. याला रिव्हर्स रिकव्हरी म्हणतात. १एन४००७ ला यासाठी काही मायक्रोसेकंद लागतात. एसएमपीएस १०० किलोहर्ट्झवर चालत असेल तर एक पूर्ण सायकल फक्त १० मायक्रोसेकंदांची. दोन मायक्रोसेकंद रिकव्हरी धरली तरी पाचवा हिस्सा वेळ डायोड चुकीच्या दिशेला उघडा. तो तापतो, समोरचा स्विचिंग मॉस्फेट (स्विचसारखा वापरलेला ट्रान्झिस्टर) तापतो, आणि दोघांपैकी जो अशक्त तो आधी जातो.

म्हणून मोबाइल चार्जर किंवा एलईडी ड्रायव्हरमध्ये मेन्सकडचा ब्रिज साध्या डायोडचा असतो, कारण तिथे ५० हर्ट्झच आहे, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे वेगळी जात दिसते. एफआर१०७ चा रिकव्हरी टाइम ५०० नॅनोसेकंद, यूएफ४००७ चा ७५ नॅनोसेकंद. दिसायला तिघंही सारखेच काळे नळकांडे, एका टोकाला पांढरी पट्टी. जुन्याच्या जागी नवा टाकताना अंगावरचा नंबर भिंगातून वाचा. यूएफ४००७ वेगवान असल्याची किंमतही मोजतो: त्याचा ड्रॉप १ अँपियरला १.७ व्होल्टपर्यंत जातो, तर ४००७ चा १.१.

शॉटकी डायोडमध्ये धातू आणि अर्धवाहक यांचा थेट जोड असतो, साठ्याची भानगड नसते, त्यामुळे रिकव्हरी जवळपास शून्य. ड्रॉपही कमी: १एन५८२२ हा ३ अँपियरला ०.५२५ व्होल्टच पाडतो. मग सगळीकडे शॉटकीच का नाही? कारण सिलिकॉन शॉटकी सुमारे २०० व्होल्टच्या पुढे परवडत नाही, आणि तो गळतो. त्याच १एन५८२२ ची उलटी गळती २५ अंशांवर २ मिलिअँपियरपर्यंत, १०० अंशांवर २० मिलिअँपियरपर्यंत. गरम झाला की गळती वाढते, गळती वाढली की आणखी गरम होतो. हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) तोकडं असेल तर ही साखळी डायोड शॉर्ट होईपर्यंत थांबत नाही.

तिसरी पायरी: ताबा हवा का?

डायोडला स्वतःचं डोकं नसतं. अॅनोडचं (करंट आत घेणाऱ्या टोकाचं) व्होल्टेज कॅथोडच्या (करंट बाहेर सोडणाऱ्या टोकाच्या) वर गेलं की तो चालू. आपल्या चार्जरमध्ये याचा अर्थ असा की बॅटरी १४.४ व्होल्टला पोचली तरी डायोड करंट ढकलत राहणार. मग पुढे रिले, रेग्युलेटर, काहीतरी लावावं लागतं. एससीआर, म्हणजे थायरिस्टर, हे काम रेक्टिफायरच्या जागेवर बसूनच करतो.

एससीआरला अॅनोड, कॅथोड आणि गेट. गेटला पल्स दिला नाही तर तो दोन्ही दिशांना बंद. अॅनोड पॉझिटिव्ह असताना गेटला छोटा करंट दिला की उघडतो, आणि उघडल्यावर गेटला विचारत नाही. करंट होल्डिंग करंटच्या (चालू राहायला लागणाऱ्या किमान करंटच्या) खाली आला तरच तो बंद होतो. एसीवर हे आपसूक होतं, कारण प्रत्येक अर्ध्या सायकलच्या शेवटी व्होल्टेज शून्यातून जातंच. म्हणून आपण एवढंच ठरवायचं, की अर्ध्या सायकलमध्ये कुठे पल्स द्यायचा. उशिरा दिला तर कमी करंट, लवकर दिला तर जास्त. यालाच फायरिंग अँगल म्हणतात, अर्धी सायकल १८० अंशांची धरून.

साध्या हीटरसारख्या लोडवर २३० व्होल्टचा पूर्ण नियंत्रित रेक्टिफायर शून्य अंशावर सरासरी २०७ व्होल्ट डीसी देतो, ९० अंशांवर नेमका निम्मा. बॅटरीचं गणित जरा वेगळं. बॅटरी स्वतः १३ व्होल्ट दाखवत असताना सेकंडरीचं (ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर वीज देणाऱ्या वाइंडिंगचं) व्होल्टेज त्यावर जाईपर्यंत एससीआर उघडणारच नाही. २१.२ व्होल्ट पीक आणि १.३ व्होल्ट ड्रॉप धरला तर साधारण ४२ अंशांपासून १३८ अंशांपर्यंतची खिडकी मिळते. त्याआधी दिलेला आखूड पल्स फुकट जातो. नव्यानं सर्किट बांधणारे इथे दिवसभर डोकं फोडतात: स्कोपवर पल्स दिसतोय, एससीआर मात्र ढिम्म. पल्स लांब करा, किंवा पल्सची माळ द्या.

एससीआर चांगला आहे की नाही हे डिजिटल मल्टिमीटरवर नीट कळत नाही, कारण मीटर पुरेसा करंट देत नाही. बीटी१५१ हा हमखास मिळणारा एससीआर घ्या. त्याला लॅच व्हायला (चालू होऊन टिकायला) ४० मिलिअँपियरपर्यंत लागतात, गेटला १५ मिलिअँपियरपर्यंत. १२ व्होल्टची बॅटरी आणि मोटरसायकलचा ५ वॅटचा बल्ब घ्या. बॅटरीचा प्लस बल्बला, बल्बचं दुसरं टोक मधल्या पायाला, म्हणजे अॅनोडला. अक्षरं आपल्याकडे करून धरल्यावर डावा पाय कॅथोड, तो बॅटरीच्या मायनसला. बल्ब लागता कामा नये. लागला तर एससीआर शॉर्ट आहे, बाजूला टाका. आता ४७० ओहमचा रेझिस्टर प्लसला जोडून त्याचं दुसरं टोक उजव्या पायाला, गेटला, क्षणभर टेकवा. बल्ब लागला पाहिजे आणि रेझिस्टर काढल्यावरही लागलेला राहिला पाहिजे. मग बॅटरीची एक वायर काढून परत जोडा. बल्ब विझलेलाच राहिला तर एससीआर कामाचा. १ किलोओहम लावून पाहिलं आणि लागला नाही म्हणून एससीआर फेकू नका, तेवढ्या रेझिस्टरमधून ११ मिलिअँपियरच जातात आणि काही नग तेवढ्यावर जागे होत नाहीत.

अजून एक गोष्ट. एससीआरवर व्होल्टेज फार झपकन चढलं तर गेटशिवायही तो उघडतो. म्हणून त्याच्या समांतर स्नबर (सिरीजमध्ये जोडलेले रेझिस्टर आणि कॅपॅसिटर) लावतात, बहुतेकदा १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड. इंडक्टिव्ह लोडवर तो गाळू नका.

एससीआर १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तयार झाला. इतका जुना भाग अजून का वापरतात, असं वाटत असेल तर चंद्रपूर ते पडघे ही एचव्हीडीसी (उच्च व्होल्टेज डीसी) लाइन पाहा. ७५२ किलोमीटर, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॅट, १९९९ पासून चालू. चंद्रपूरला एसीचं डीसी होतं ते थायरिस्टरच्या व्हॉल्व्हमधून, आणि पडघ्याला डीसीचं परत एसी होतं तेही थायरिस्टरमधूनच. एवढ्या पॉवरला कमी ड्रॉप आणि दणकट छाती लागते, आणि ती थायरिस्टरकडे आहे. अडचण एकच, बंद होण्यासाठी त्याला पलीकडच्या एसी ग्रिडची मदत लागते. तमिळनाडूतल्या पुगलूरहून केरळमधल्या त्रिशूरला गेलेली २०२१ ची एचव्हीडीसी लाइन आयजीबीटीवर (जास्त व्होल्टेजच्या ट्रान्झिस्टरवर) चालते, कारण आयजीबीटी आपल्या मर्जीनं बंद करता येतो.

चौथी पायरी: उष्णतेचा हिशोब

हा भाग घाईत वाचू नका. आकडे कागदावर मांडा.

रेक्टिफायरमध्ये वाया जाणारे वॅट म्हणजे ड्रॉप गुणिले सरासरी करंट. आपल्या १५ अँपियरला:

साध्या सिलिकॉनचा ब्रिज: दोन ड्रॉप, प्रत्येकी १ व्होल्ट. ३० वॅट.
४५ व्होल्टच्या शॉटकीचा ब्रिज: दोन ड्रॉप, प्रत्येकी अर्धा व्होल्ट. १५ वॅट.
सेंटर टॅपवर १०० व्होल्टचे शॉटकी: एकच ड्रॉप, पण १०० व्होल्टच्या शॉटकीचा ड्रॉप जास्त, सुमारे पाऊण व्होल्ट. ११ वॅट.
सेंटर टॅपवर एससीआर: एक ड्रॉप, १.३ व्होल्ट. जवळपास २० वॅट, पण यात रेग्युलेशनही आलं.

आता ३५ अँपियरच्या केबीपीसी ३५१० या ब्रिजचं पाहू. त्याच्या आतल्या सिलिकॉनपासून धातूच्या पाठीपर्यंतचा थर्मल रेझिस्टन्स दर वॅटला सुमारे १.५ अंश धरू. पेस्ट लावून बसवला तर जोडाचा ०.२. हातात मावेल असं अॅल्युमिनियमचं हीटसिंक १.५. बेरीज ३.२. ३० वॅटला ९६ अंशांची वाढ. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंश असतात, म्हणजे आतलं सिलिकॉन १४१ अंशांवर. डेटाशीटची (कंपनीच्या माहितीपत्रकाची) कमाल मर्यादा १५० ची. आणि हे हवेशीर जागेत. चार्जर पत्र्याच्या पेटीत असेल तर आतली हवाच ५५ अंशांची, मग १५१. ब्रिज अस्सल आहे, नावावर ३५ अँपियर आहेत, आपण निम्म्याहून कमी घेतोय, आणि तरीही तो मरणार.

डेटाशीटमधला ३५ चा आकडा खोटा नाही. त्याच ओळीत बारीक अक्षरात केसचं (बाहेरच्या धातूच्या पाठीचं) तापमान लिहिलेलं असतं, अनेक कंपन्या ५५ अंश देतात. केस ५५ अंशांवर ठेवलीत तर ३५ अँपियर, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. केस ५५ वर कशी ठेवायची ते कंपनी सांगत नाही.

११ वॅटच्या शॉटकीला तेच हीटसिंक लावलं, अभ्रकाच्या वॉशरसकट एकूण साडेतीन अंश दर वॅटला धरले, तरी वाढ ३८ अंशांची. नागपुरातही ८३ वर थांबतो. मला विचाराल तर १२ व्होल्टच्या कामात साध्या सिलिकॉनचा ब्रिज वापरायला एकच सबळ कारण उरतं, ते म्हणजे तो कुठेही मिळतो. १२ व्होल्टमधून २ व्होल्ट ब्रिजनं खाणं म्हणजे सहावा हिस्सा धुरात. मेन्सच्या ३२५ व्होल्टमधून तेच २ व्होल्ट गेले तर कुणाच्या लक्षातही येत नाहीत, आणि तिथे सिलिकॉन ब्रिजला तोड नाही.

करंट वाढवण्यासाठी दोन सुटे डायोड समांतर जोडू नका. जो आधी गरम होतो त्याचा ड्रॉप कमी होतो, मग तोच जास्त करंट ओढतो, मग अजून गरम. एकाच पॅकेजमधले जुळे शॉटकी चालतात, कारण दोघांचं तापमान बरोबर राहतं.

मॉस्फेट कधी घ्यायचा

डायोडचा ड्रॉप कितीही कमी केला तरी काही दशांश व्होल्टांच्या खाली येत नाही. मॉस्फेटला ड्रॉप नसतो, रेझिस्टन्स असतो. तो काही मिलिओहमांचा. मॉस्फेटच्या आत एक बॉडी डायोड असतोच. त्या डायोडच्या दिशेनं मॉस्फेट जोडायचा, म्हणजे करंट सोर्सकडून ड्रेनकडे, नेहमीच्या उलट. मग बॉडी डायोड वाहायला लागला की लगेच गेट उघडायचा, आणि करंट डायोड सोडून चॅनेलमधून जातो. याला सिंक्रोनस रेक्टिफिकेशन म्हणतात. लॅपटॉपचे आणि फोनचे आजचे चार्जर एवढे लहान होऊ शकले त्यात याचा वाटा मोठा आहे.

हिशोब मात्र बदलतो. रेझिस्टन्समध्ये उष्णता करंटच्या वर्गावर जाते, तिथे सरासरी चालत नाही, आरएमएस घ्यावा लागतो. आपल्या चार्जरमध्ये करंट सलग वाहत नाही, प्रत्येक अर्ध्या सायकलच्या माथ्यावर उसळीनं येतो. म्हणून १५ अँपियर सरासरीला आरएमएस सुमारे १.६ पट, २४ अँपियर धरू. २४ चा वर्ग ५७६. आयआरएफबी ४११० हा १०० व्होल्टचा मॉस्फेट, थंड असताना कमाल ४.५ मिलिओहम, तापल्यावर दीडपट, म्हणजे पावणेसात. गुणाकार केला की ३.९ वॅट. शॉटकीच्या ११ च्या समोर. आयआरएफ३२०५ स्वस्त आणि सगळीकडे मिळतो म्हणून तो लावायचा मोह होतो, पण तो ५५ व्होल्टचा आहे. पहिल्या पायरीत आपण ५१ च्या पुढे गेलो होतो, तेव्हा तो बाद.

तापल्यावर रेझिस्टन्स वाढतो ही मॉस्फेटची जमेची बाजूही आहे. दोन समांतर लावले तर जास्त तापलेला आपोआप कमी करंट घेतो. डायोडच्या बरोबर उलट.

धोका वेगळाच. डायोड मागे काही जाऊ देत नाही, उघडा मॉस्फेट दोन्ही दिशांना वाहतो. गेट वेळेवर बंद झाला नाही तर बॅटरी ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीत ओतायला लागते. १५० अँपियर-तासांची बॅटरी काही मिलिओहमांच्या वाटेनं काय करू शकते याची कल्पना करा. म्हणून बॅटरी आणि मॉस्फेट यांच्या मध्ये फ्यूज असलाच पाहिजे, आणि गेटचं काम घरगुती ट्रान्झिस्टर सर्किटवर सोडू नका. यासाठी तयार आयसी मिळतात. एलटी ४३२० हा चार एन-चॅनेल मॉस्फेटचा पूर्ण ब्रिज सांभाळतो, ९ ते ७२ व्होल्ट, डीसीपासून ६० हर्ट्झपर्यंत. तो आपल्या एकेरी १५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर बसतो. दोन मॉस्फेट एका वेळी वाटेत येतात, तरी एकूण उष्णता शॉटकीपेक्षा कमीच.

आयजीबीटी आणि सिलिकॉन कार्बाइड

हे दोन्ही आपल्या १२ व्होल्टच्या कामाचे नाहीत, पण नाव ऐकाल म्हणून थोडक्यात. आयजीबीटीचा ड्रॉप दीड ते दोन व्होल्ट, त्यामुळे कमी व्होल्टेजला निरुपयोगी. ६०० व्होल्ट आणि वर, दहा-वीस किलोहर्ट्झच्या आसपास, तो राजा आहे. तो घडवण्यात ज्यांचं नाव पहिलं घेतात ते जयंत बालिगा आयआयटी मद्रासचे विद्यार्थी, काम त्यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये केलं, आणि २०२४ चं मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ त्यांना मिळालं. एमआयडीसीतल्या कारखान्यात थ्री फेज मोटरचा ड्राइव्ह उघडून पाहिलात तर मोटरकडे आयजीबीटी दिसतील, पण मेन्सकडे बहुतेकदा सहा साधे डायोड. ४१५ व्होल्टवर ते सुमारे ५६० व्होल्ट डीसी देतात, म्हणून ते १२०० किंवा १६०० व्होल्टचे घेतात. मोटर ब्रेक मारताना तयार होणारी वीज परत ग्रिडला द्यायची असेल, लिफ्टसारख्या कामात, तरच मेन्सकडेही आयजीबीटी लावतात. मग त्या रेक्टिफायरला अॅक्टिव्ह फ्रंट एंड म्हणतात.

सिलिकॉन कार्बाइडचा शॉटकी म्हणजे शॉटकीचा वेग आणि ६००-१२०० व्होल्टची ताकद. ड्रॉप दीड व्होल्टच्या आसपास, पण रिकव्हरी नाही. मोठ्या एसएमपीएसच्या पॉवर फॅक्टर करेक्शनमध्ये आणि गाड्यांच्या फास्ट चार्जरमध्ये तो दिसतो. खराब झाला तर त्याच्या जागी यूएफ मालिकेतला डायोड बसवून भागवू नका.

मग आपण काय घ्यायचं

शिकण्यासाठी पहिला चार्जर बांधत असाल तर सेंटर टॅप आणि ४० अँपियर, १०० व्होल्टचा जुळा शॉटकी. तीन पायांच्या पॅकेजमध्ये दोन्ही कॅथोड आतच जोडलेले असतात, मधला पाय बॅटरीच्या प्लसला, बाजूचे दोन पाय वाइंडिंगच्या दोन टोकांना, सेंटर टॅप मायनसला. जोडणी चुकायला जागाच नाही. बॅटरी भरल्यावर आपोआप थांबायला हवं असेल तर एससीआरकडे जा. मॉस्फेट दोन-तीन रेक्टिफायर हाताखालून गेल्यावर.

बसवणं आणि तपासणं

पाठीचा धातू कशाला जोडलेला आहे ते आधी पाहा. जुळ्या शॉटकीत तो कॅथोड, बीटी१५१ मध्ये अॅनोड, केबीपीसी ब्रिजमध्ये सगळ्यापासून अलग. सेंटर टॅपवर दोन एससीआर एकाच हीटसिंकवर वॉशरशिवाय बसवलेत तर ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं थेट शॉर्ट. अभ्रक किंवा सिलिकॉनचा वॉशर, प्लॅस्टिकचा बुश, आणि स्क्रू आवळल्यावर मल्टिमीटरनं पाठ आणि हीटसिंक यांच्यात बीप येत नाही याची खात्री. पेस्ट नखावर मावेल एवढीच. जाड थर लावला तर उष्णता अडते.

डायोड रेंजवर साधा सिलिकॉन ०.५ ते ०.६ दाखवतो, शॉटकी ०.१५ ते ०.३. शॉटकी म्हणून घेतलेला नग ०.५५ दाखवत असेल तर दुकानात परत द्या. पण मीटर जेमतेम एखादा मिलिअँपियर देतो, त्यामुळे आतली चिप लहान आहे का ते या चाचणीत कळत नाही. त्यासाठी बॅटरी आणि हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब घ्या, डायोड मध्ये जोडा, सुमारे साडेचार अँपियर वाहतील. डायोडच्या अगदी पायांवर प्रोब ठेवून व्होल्टेज मोजा. डेटाशीटच्या आलेखावर त्या करंटला जो ड्रॉप दिला आहे त्याच्या बराच वर आकडा आला तर चिप नावापेक्षा लहान आहे. चाचणी काही सेकंदांतच आटपा, हीटसिंकशिवाय डायोड लगेच तापतो.

पहिल्यांदा मेन्स देताना ट्रान्सफॉर्मर सिरीज बोर्डवरून द्या, म्हणजे मेन्सच्या वाटेत १०० वॅटचा बल्ब लावून. बॅटरी न जोडता बल्ब भगभगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मंद लागून विझत आला तर पुढे जा. एसएमपीएसवर काम असेल तर बंद केल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट राहतात. ते मीटरनं मोजून, रेझिस्टरनं रिकामे करून मगच हात घाला, स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी काढून नव्हे.

सगळं जमलं की पूर्ण १५ अँपियरवर, झाकण लावून, अर्धा-पाऊण तास चालू द्या. तापमानाचा प्रोब रेक्टिफायरच्या पाठीला, हीटसिंकच्या टोकाला नव्हे, लावून ठेवा. समजा केबीपीसी ब्रिजच वापरलाय आणि पाठ ८० अंश दाखवते, तर आत ८० अधिक ३० वॅट गुणिले १.५, म्हणजे १२५. हे चालेल. हिवाळ्यात चाचणी करत असाल तर उन्हाळ्यासाठी त्यात अजून पंधरा-वीस अंश मिळवा. तरीही आतला आकडा १३० च्या वर जात असेल तर मोठं हीटसिंक किंवा छोटा पंखा लावा, आणि परत तेवढाच वेळ चालवून मोजा.